मुक्ताच्या मनगटातली मेंढरं

निरवांगी,
ता. ४ जानेवारी १९९३

चि. सुप्रिया,

संभाजी गुरुजी म्हणले, बाई, पत्रात आधी चि. लिवायचं, मंग नाव, मंग आशीर्वाद, मंग मजकूर. चि. झालं, नाव झालं, आशीर्वाद पोतंभर घे, कमी पडले तर अजून मागव. आता मजकूर.

हे माझ्या हातचं पयलं पत्र हाय गं! साक्षरतेच्या वर्गात ‘घर बघ, विहीर बघ’ लिवून बोटं आंबली व्हती. घर आणि विहीर मी जन्मभर बघतीय, त्यात लिवायचं काय? आता खरं कायतरी लिवायला मिळालं. तुझा आज्जा समोर बसून बघतोय. म्हणतोय, “चौसष्टाव्या वर्षी अक्षर शिकली, वरीसभरात कलेक्टर व्हती बघ.” मी म्हणलं, “झाले तर तुमाला शिपाई ठिवीन.” तवापास्नं चष्मा पुसतोय.

तुझी धाकटी भन मुक्ता दवाखान्यातनं नीट घरी पोचली. खाट दारासमोर टाकलीय, म्हंजी तिला अंगण दिसतं. डाक्तरीणबाईंनी सांगितलंय, पाय खाली टाकायचा न्हाय, म्हणून मी पायाशीच बसते. दहा वर्साची पोर, तिला झोपून ठिवायचं म्हंजी वारं पोत्यात भरायचं. गोळ्या येळेवर देते. तुझी आई रानात जाती, तुझा बाप सावळाराम कांद्याला पाणी देतोय, म्हणून पोर माझ्याच ताब्यात.

मला एक उलगडत न्हाय. दिवाळीत पोरीचा घसा धरला, आठ दिसांत गेला. मंग गुडघा सुजला. तो उतरतोय तवर घोटा. घोटा बरा तर मनगट. एखाद्या पाव्हण्यानं एका घरी जेवून दुसऱ्या घरी मुक्काम करावा तसं दुखणं हिंडलं, आणि शेवटाला काळजात जाऊन बसलं. तू तितं नर्सचं शिकतीयास, तूच वळखलंस, म्हणून पंधरा दिस दवाखान्यात राहून पोर घरी आली. पण तितं तुझी पळापळ चाललेली, मला पुसाया जमलं न्हाय. आता पुसते. घशातलं दुखणं काळजात कुठल्या वाटंनं जातं?

दुसरं. बाईंनी नाडी मोजायला सांगितली ती झोपेतच का? जागेपणी काय तिची नाडी दुसऱ्याची असती का?

सवड काढून लिव. मला झोप येत न्हाय पुसल्याबिगर.

तुझी आजी, द्वारकाबाई
(सही मीच केलीय. अंगठा न्हाय.)


बारामती,
ता. ८ जानेवारी १९९३

आजी,

तुझं पत्र आमच्या खोलीतल्या सगळ्या मुलींनी वाचलं. मी वाचू दिलं म्हण ना! तुझी सही बघून एकजण म्हणाली, “माझ्या आजीला पण पाठव गं या वर्गात.”

आता तुझे प्रश्न. घशात जंतू आले. आपल्या रक्तात राखण करणारे असतात, ते त्या जंतूंवर धावले. धावणं बरोबरच होतं. पण त्या जंतूंच्या अंगावर जी खूण असते, जवळपास तशीच खूण आपल्या हृदयाच्या मांसावर असते आणि सांध्यांतही. जंतू मेले तरी राखणदार थांबले नाहीत. त्यांनी आपल्याच सांध्यांवर, आपल्याच हृदयावर हल्ला केला. त्यानं हृदय सुजलं. म्हणजे घशातनं काळजात कोणी गेलंच नाही आजी. घरातलेच घरच्यांवर उठले.

झोपेतली नाडी यासाठी की जागेपणी नाडी कशानंही पळते. भीतीनं, हसण्यानं, तुझ्या गोष्टींनी. झोपेत हृदयाला पळायला निमित्त नसतं. तरीही पळत असेल, तर आत सूज आहे असं समजायचं. दवाखान्यात तिची झोपेतली नाडी मिनिटाला एकशेतीस होती. ती उतरत उतरत ऐंशी-नव्वदपर्यंत आली की बाई म्हणतील, आग विझतेय.

आणखी एक. हृदयात वरच्या खोल्या आणि खालच्या खोल्या असतात. वरून खाली ‘आता आवळ’ असा निरोप जातो आणि ठोका पडतो. मुक्ताच्या हृदयात निरोपाची वाटच सुजलीय, म्हणून निरोप उशिरा पोचतो. हृदयाचे ठोके यंत्रानं ज्या कागदाच्या पट्टीवर उमटतात, तिच्यावर ते दिसतं. सध्या नुसता उशीर आहे. त्याची काळजी करू नकोस, पण नाडी अडखळली तर मला लगेच कळव.

आज्जाचं घड्याळ घे, ज्यात सेकंदाचा तांबडा काटा आहे. तीन बोटं मी दाखवली तशीच ठेव.

तुझी सुप्रिया


निरवांगी,
ता. १२ जानेवारी १९९३

चि. सुप्रिया,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पयल्यांदा वाचायला दुपार गेली, दुसऱ्यांदा चहा व्हईपर्यंत, तिसऱ्यांदा घडाघडा. मंग मुक्ताला वाचून दाखवलं. ती म्हणती, “आजी, मंग मला चावणारं माझंच हाय व्हय?”

तिला मी आपल्या चितऱ्या कुत्र्याची गोष्ट सांगितली. तुला ठावं न्हाय, तू जल्मायच्या आधीची. आमी मेंढरं घेऊन कोकणाच्या वाटंला व्हतो. एका जागी लांडगा आला. चितऱ्या झुंजला, लांडगा पळाला. पर पळता पळता एका मेंढीला घासून गेला. त्याचा वास तिच्या लोकरीला लागला. मंग चितऱ्या काय करावं? त्या मेंढीलाच धरली! आमी वरडतोय, काठी मारतोय, तो सोडंना. त्याला वाटतंय मी राखणच करतोय. तुझा आज्जा म्हणाला, कुत्रं पिसाळलं, मारून टाकू. मी म्हणलं, पिसाळलं न्हाय, त्याची वळख चुकली. मेंढीला वढ्यावर न्हेऊन धुतली, चितऱ्याला दोन दिस बांधून ठिवला. मंग शांत झाला.

मुक्ता म्हणली, “मंग ह्या गोळ्या म्हंजी चितऱ्याला बांधायची दोरी.” बघ, कशी हुशार! तुमच्या बाईंना सांग आणि पुस, बरूबर हाय का. पर एक मला कळंना. मेंढी धुता येती, काळीज कसं धुवायचं?

आता नाडी. काल दुपारी पोर गाढ झोपली. तुझ्या आज्ज्याला घड्याळ धरून बसवला. तांबडा काटा वर आला की “चल” म्हणायचं, फिरून वर आला की “बस”. म्हातारा “चल” म्हणला ते इतक्या जोरात की पोर दचकून उठली. फिरून झोपवली. दुसऱ्यांदा त्यानं नुसती मान हलवली. मी मोजली. बासष्ट!

सुप्रिया, बासष्ट! एकशेतीसवरनं बासष्ट! तुझ्या बाईंना म्हणावं, निरवांगीला येऊन शिका, लेकराला कसं सांभाळायचं. शेजारी तीळगुळाचं सारण भाजायला घेतलंय, मीबी हाक मारून चार जणींना सांगितलं. त्यांना बासष्ट म्हंजी काय ते कळलं न्हाय, पर माझं तोंड बघून हसल्या.

आजी


बारामती,
ता. १६ जानेवारी १९९३

आजी,

तीळगूळ घे, गोड बोल. (तुला सांगायची गरज नाही.)

तुझं पत्र घेऊन थेट बाईंकडे गेले. चितऱ्याची गोष्ट ऐकून बाई खुर्चीत मागे टेकून हसल्या. म्हणाल्या, “मी पोरांना शिकवताना हीच सांगणार.” दोरी बरोबर आहे, मुक्ताला सांग. काळीज धुता येत नाही, पण पुन्हा वास लागू नये म्हणून सुई असते. ते नंतर सांगते.

बासष्ट ऐकून बाईंनी पत्रातला आकडा पुन्हा वाचला. म्हणाल्या, “छानच उतरली. नीट मोजलीय ना?” मी म्हणाले, “माझी आजी आहे. तिची चूक व्हायची नाही.” त्यांनी गोळ्या कमी केल्या नाहीत, तपासल्याशिवाय करणार नाही म्हणाल्या. पण आता मुक्तानं खाटेवर उठून बसायला हरकत नाही. एक-दोन दिवसांनी दारापर्यंत चालू दे. २ फेब्रुवारीला तपासायला आणायचंच आहे.

तीन-चार दिवसांनी पुन्हा मोज आणि लिही. मला तुझा किती अभिमान वाटला म्हणून सांगू!

सुप्रिया


निरवांगी,
ता. २१ जानेवारी १९९३

चि. सुप्रिया,

पोर चालली! दारापतुर चालली, मंग मी नगं म्हणत असताना उंबरा वलांडून शेळीपतुर गेली. शेळीनं तिचं तोंड चाटलं. तुझी आई रानातनं आली तर तिला वाटलं मीच सोडली. बोलली मला. बोलू दे. पोराला अंगण दिसलं की पाय कुठं ऐकत्यात.

तू पाठवलेली गोष्टींची पुस्तकं ती वाचती आणि अडलं की मी सांगते. खोटं सांगते असं न्हाय, पर गोष्टीचा शेवट मला आवडला न्हाय तर बदलते. परवा एका राजाला मी मेंढरं पाळायला लावलं. सुखी झाला.

तिला आता एका उशीवर झोप येत न्हाय. दोन मागती. सपाट झोपलं की दम कोंडतो म्हणती. मी म्हणलं, दवाखान्यात चोचले शिकून आली. भाकरी अर्धीच खाती. शेळीपतुर गेली त्या दिशी खाटेवर येऊन लई येळ गप बसली, मला वाटलं रुसली.

नाडी चौसष्ट झाली, मंग काल सदुसष्ट. वाढली थोडी, चालायला लागली म्हणून असंल. पर ऐक, काल एक मजा झाली. मोजता मोजता एक जोडी मोडली. एक आली आणि तिची जोडीदारीण थबकली. वाघरीच्या जाळीच्या तोंडाशी येऊन मेंढी कशी उभी ऱ्हाती, मागचीला ढुशी देत न्हाय, पुढं पाऊल टाकत न्हाय, तशी. मंग एकदम पुढची जोडी आली. मी पुन्यांदा मोजली तर फिरून एकदा तसंच. मला लगेच तुझं आठवलं. वरच्या खोलीनं हाळी दिली आसंल आणि खालच्या खोलीला आयकू गेली न्हाय! व्हय का न्हाय? बघ, मलाबी समजाया लागलं. तू म्हणली व्हतीस अडखळली तर कळव, म्हणून कळवते.

थंडी हाय. सांभाळून ऱ्हा.

आजी


बारामती,
ता. २४ जानेवारी १९९३
(बापूसाहेबांच्या हाती पाठवतेय)

आजी,

जोडी म्हणजे काय? तू दोन ठोक्यांना एक मोजतेस का?

असं असेल तर सदुसष्ट म्हणजे एकशेचौतीस.

आपल्या गावच्या बापूसाहेबांची जीप मार्केट यार्डातून गावाकडं परत निघालीय. त्यांना सांगितलंय, माल उतरवून उलट्या पावली मुक्ताला घेऊन या. आई-दादांना सोबत पाठव. तिला चालवू नका, उचलून ठेवा. दोन उशा दे, टेकून बसव, झोपवू नकोस. दोन उशा चोचले नव्हते.

तिला घाबरवू नकोस. सांग, ताई बोलावतेय.

सुप्रिया


बारामती,
ता. २७ जानेवारी १९९३

आजी,

मुक्ता पोचली. वॉर्डात आहे, माझ्या डोळ्यांसमोर आहे. औषधं सुरू केलीत. काही विशेष नाही, सूज थोडी वाढली होती एवढंच. तू काळजी करू नकोस, तब्येत सांभाळ.

दादा घरी येतील ते तुला काही बोलले तर मनावर घेऊ नकोस.

सुप्रिया


निरवांगी,
ता. २ फेब्रुवारी १९९३

सुप्रिया,

सहा दिस लिवलं न्हाय. हात धजला न्हाय.

तुझा बाप बोलला. “अडाण्याच्या हातात घड्याळ दिलं की असंच व्हतं,” म्हणला. समद्यांसमोर. तुझ्या आज्ज्यानं काठी आपटली आणि म्हणला, “घड्याळ माझ्या हातात व्हतं, मला बोल.” पर बोलणं खोटं न्हाय. मी जीपमधी बसाया निघाले तर सावळारामानं मला उतरवली.

तुला पुसायचं असंल, जोड्या का मोजल्या. सांगते. मेंढरं वाघरीत घ्यायची तर जाळीचं तोंड दोघींपुरतं उघडायचं. दोन गेल्या, एक बोट मोडायचं. तीनशेचा कळप असला की घरी येऊन म्हणायचं ‘दीडशे भरली’. ऐकणाऱ्याला ठावं, की जोड्या. समद्या मेंढपाळांच्या वाड्यांवर अशीच मोजणी. मी पयल्यांदा पोरीचं मनगट धरलं तवा एकेकच मोजाया गेले. पर इतकी पळत व्हती, इतकी पळत व्हती, की एक म्हणून व्हत न्हाय तवर दुसरी. तोंड पुरंना. मंग बोटं आपली आपण जुन्या मोजणीला गेली. मला वाटलं बाईंनाबी तसंच कळतंय. तितं दवाखान्यात तू माझी बोटं बघितलीस, आकडा न्हाय पुसलास.

हे तुला दोष द्यायला लिवत न्हाय. मला समजून घ्यायचंय, चूक कुठं झाली. इतकी पळत व्हती की मोजता यिना, तिथंच मला कळाया पायजे व्हतं. आकडा लागायचाच न्हाय त्याला.

आता माझं ऐक. तू लिवलंस ‘काही विशेष नाही’. विशेष नसतं तर तू जीप उलटी पाठवली नसतीस. मी लेकरं जल्माला घातली, दोन पुरली, आजारी मेंढरं पोटाशी धरून रातीच्या राती काढल्या. मला खरं सोसतं. खोटं सोसत न्हाय, कारण खोट्यापुढं काय करायचं तेच कळत न्हाय. पोर कशी हाय? मेंढ्या अजून थबकत्यात का? काळीज बरं व्हणार का न्हाय? मोजून सांग. एकेक.

द्वारकाबाई


बारामती,
ता. ६ फेब्रुवारी १९९३

आजी,

मी खोटं लिहिलं. आता खरं लिहिते.

मुक्ता आली तेव्हा तिच्या फुप्फुसांत पाणी साठायला लागलं होतं. म्हणून सपाट झोपता येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी नाडी जास्त अडखळायला लागली. दर चौथा ठोका गळायचा. एकदा लागोपाठ दोन गळले आणि तिचे डोळे फिरले. तेवढ्यातच परत सुरू झालं, पण मी तिथंच उभी होते आजी, आणि तो मधला वेळ मी कधी विसरणार नाही. बाईंनी औषध वाढवलं, लघवीवाटे पाणी काढायचं औषध दिलं, ऑक्सिजन लावला. एक तारखेपासून ठोके गळायचे थांबलेत. निरोप अजून उशिरा पोचतो, पण पोचतो. आज पहाटे तिची झोपेतली नाडी एकशेआठ होती.

जे बरं व्हायचं नाही तेही सांगते. हृदयात झडपा असतात, रक्त मागं फिरू नये म्हणून. त्यातली एक आता नीट मिटत नाही. थोडं रक्त मागं गळतं. छातीला नळी लावली की ठोक्यांच्या मधे फुंकर मारल्यासारखा आवाज येतो. तो राहणार. बाई म्हणतात, सांभाळलं तर ती शाळेत जाईल, लग्न करेल, म्हातारी होईल. पण घसा पुन्हा धरला आणि राखणदार पुन्हा उठले तर झडप आणखी जाईल. म्हणून दर एकवीस दिवसांनी पेनिसिलीनची सुई. निदान एकविसाव्या वर्षापर्यंत, कदाचित पुढंही. एकही चुकवायची नाही.

आणि दोष. तुझ्या पत्रात बासष्ट वाचून मला शंका यायला हवी होती. मी शिकतेय, तू नाही. पंधरा दिवसांत निम्मी नाडी उतरणारं हृदय मी वॉर्डात एकही पाहिलं नव्हतं. मला ते खरं असावं असं वाटत होतं, म्हणून मी मोजणी विचारलीच नाही.

बाईंना मी सगळं सांगितलं. त्या रागावल्या, माझ्यावर. मग तुझं पत्र परत मागून घेतलं आणि ‘जोडीदारीण थबकली’ ही ओळ बोटानं दाखवली. म्हणाल्या, “ठोका गळतोय हे आपल्या पट्टीच्या आधी या बाईच्या बोटांना कळलं. ते लिहिलं म्हणून पोर वेळेत आली.” हे मी तुझ्या समाधानासाठी लिहीत नाही. त्या जशा बोलल्या तशा.

सोबत मुक्ताच्या पट्टीचा तुकडा ठेवलाय. लहान उंचवटा म्हणजे वरच्या खोलीची हाळी. उंच काटा म्हणजे खालचीचा ठोका. दोन्हींच्या मधलं अंतर बघ.

सुप्रिया


निरवांगी,
ता. १० फेब्रुवारी १९९३

चि. सुप्रिया,

वाचलं. रडले. मंग चूल पेटवली.

पट्टी लई येळ बघितली. उजेडात धरून, उलटी धरून, तुझ्या आज्ज्याचा चष्मा लावून. आधी मला ती वरंब्या-सरीसारखी दिसली. मंग सापडली हाळी. लहान ढेकूळ हाय ना, तेच? आणि मंग मोकळी जागा, आणि मंग उंच सुळका. एका जागी ढेकूळ हाय आणि त्याच्यामागं सुळकाच न्हाय. नुसतं सपाट. हीच ती, जी थबकली. हे मी बोटानं धरलं व्हतं! कागदावर बघून अंगावर काटा आला. येवढंसं रिकामं, आणि त्यात पोर जाऊन आली.

पुसायचं ऱ्हाईलं. हाळी वरची खोली देती, पर वरच्या खोलीला कोण सांगतं हाळी दे म्हणून? ती झोपत कशी न्हाय कवाच? आणि फुंकरीचा आवाज मला ऐकाया मिळंल का? बाईंना पुस. मी येते. सावळाराम न्हाय म्हणला तरी यस्टी हाय आणि मला आता पाटी वाचता येती.

आजी


बारामती,
ता. १ मार्च १९९३

आजी,

तू येऊन गेल्यापासून वॉर्डातल्या तीन बायका मला विचारतात, “त्या आजीबाई परत कधी येणार?” नळी कानाला लावून तू जी मान डोलावत बसलीस, बाईंचा राउंड थांबला तरी काढेनास! वरच्या खोलीला कोण सांगतं, तर कोणीच नाही. ती स्वतःच सुरू होते, आईच्या पोटात असल्यापासून. का, ते बाईंनाही पूर्ण सांगता आलं नाही. त्या म्हणाल्या, “हे मला कुणी विचारलंच नव्हतं.”

मुक्ताची झोपेतली नाडी अठ्ठ्याऐंशी. आज एक चांगली पट्टी निघाली, निरोप वेळेवर पोचतोय. पहिली सुई १५ फेब्रुवारीला झाली. ८ मार्चची इथंच होईल, मग घरी. पुढची २९ मार्च, इंदापूरच्या सरकारी दवाखान्यात. चिठ्ठी देते. दादांना नीट समजावून सांग, माझं ऐकत नाहीत.

सुप्रिया


निरवांगी,
ता. १९ एप्रिल १९९३

चि. सुप्रिया,

आजची सुई झाली. कशी झाली ते सांगते, कारण व्हणार नव्हती.

काल सांजच्याला सावळाराम म्हणला, “पोर हिंडतीय, खातीय, गाल वर आलेत. सुया कशापायी? एका सुईला अख्खा दिवस मोडतो, आणि पोर दोन दिस लंगडती.” तुझी आईबी त्याच्या बाजूची झाली, पोरीचं रडणं तिला बघवत न्हाय. मी पट्टी काढली. जिच्यात एका जागी सुळका न्हाय ती. त्याच्यासमोर ठिवली आणि म्हणलं, “ही जागा बघ. ह्यात तुझी पोर नव्हती.” त्यानं बघितली. समजली का न्हाय ठावं न्हाय. म्हणला, “कागदानं मला भिववू नगं.” आणि उठून गोठ्यात गेला.

सकाळी मी पोरीला लुगड्याच्या पदराखाली घेतली, ऊन हाय लई, आणि फाट्यावर जाऊन उभी ऱ्हायले. यस्टी चुकली. दुसरीला टाइम व्हता. तेवढ्यात सावळाराम सायकल घेऊन आला. पोरीला फुडं बसवली, मला म्हणला, “तू मागनं यस्टीनं ये.” निमगावापतुर त्यानं पायडल मारलं, तितं सायकल ठिवली आणि दोघं दुसऱ्या गाडीत बसली. इंदापुरात पोचले तर बापलेक दवाखान्याच्या वट्यावर बसलेले. त्याचा सदरा घामानं पाठीला चिकटलेला. म्हणला, “नंबर लावलाय.”

सुई टोचताना पोर वरडली न्हाय. दात खाल्लं आणि नर्सबाईला म्हणली, “एवढंच?” बाहीर येऊन मातर रडली. मंग तिघांनी उसाचा रस प्याला. बर्फ न्हाय घातला, घसा हाय.

रस पिता पिता पोरीनं पुसलं, “आजी, अजून किती सुया?” सावळाराम म्हणला, “थोड्याच.” मी म्हणलं, “न्हाय. वर्साला सतरा. अजून अकरा वर्सं तरी.” तिनं बोटं मोडली, बोटं सपली, मंग वट्यावर रेघा मारल्या. एकशेसत्याऐंशी काढलं. बरूबर हाय का गं? मला न्हाय आलं.

मंग ती माझ्याकडं बघत बसली. आणि म्हणली, “आजी, तेवढे दिवस तू पुरशील का?”

सावळाराम तिला गप म्हणला. मी त्याला गप म्हणलं. पुसणाऱ्याला उत्तर द्यावं लागतं. मी म्हणलं, “ठावं न्हाय, मुक्ते. न्हाय पुरायची बहुतेक.”

रडंल वाटलं. रडली न्हाय. गिलास ठिवला, बापाच्या खिशातनं पेन काढलं, माझ्या पिशवीतनं दवाखान्याची चिठ्ठी काढली. आजच्या तारखेखाली एकवीस दिस मोजले, ओठ हलवत, एकेक. आणि तिच्या अक्षरात लिवलं, १० मे.

चिठ्ठी माझ्या पिशवीत परत टाकली न्हाय. तिच्या दप्तराच्या आतल्या कप्प्यात ठिवली, आणि बापाला म्हणली, “दादा, सायकलीत हवा भरून ठेव.”

तुझी आजी,
द्वारकाबाई